गोलमागच्या चपला

उस्ताद,

आज रविवार, सायंकाळचे साडेसहा. कापसाची सरकी काढतात त्या आपल्या जिनाच्या हौदावर पायांची काळी माती काढत होतो. अर्धीच निघाली आणि मी हे लिहायला बसलो. तुम्ही गेलात तेव्हा मी चौथी सोडलेला पोर होतो. आता तुमच्या जागी गोलात मी उभा राहतो.

पाचचा भोंगा झाला की तुम्ही जिनाच्या मशीनखालून बाहेर येत असा. दाढीला कापूस चिकटलेला. मैदानावर पोचलात की चपला काढून गोलच्या मागे ठेवायच्या, अंगठे मैदानाकडे, जणू दुसरे कोणी तिथे उभे राहून खेळ पाहणार आहे. मी विचारतो, "उस्ताद, काट्याचं भेव नाही वाटत?" तुम्ही हसता. "बेटा, पहले पायाले जमीन समजू दे. बॉल मंग समजते." उतरत्या उन्हात कापसाचे तंतू तरंगत असतात, बॉलही त्यांच्यातलाच एक होऊन सावकाश माझ्याकडे येतो, आणि तो झेलायचा आहे हे मी विसरून जातो. तुम्ही गेल्यावर चाचींनी त्या चपला मला दिल्या. प्रत्येक मॅचला मी त्या तशाच ठेवत आलो.

यंदा जिनाच्या शेठने टीममधल्या सगळ्यांना फुटबॉलचे बूट घेऊन दिले. आमच्या मुरमाच्या मैदानावर ते अशी पकड घेत की यवतमाळच्या मोठ्या टीमलाही आम्ही हरवले. पण जी गावे कोणालाच हरवू शकत नाहीत, त्यांच्या मैदानांवर जाऊन आम्ही अडकायला लागलो. कळंबकडे बरोबरी, दारव्ह्याकडे हार. शेठ म्हणाले, "मोठ्यायले लोळवता अन् गावच्या पोरायसमोर मान टाकता? शेवटची मॅच जिंकले नाही, त जिनाच्या मैदानात कापसाच्या गाड्या उभ्या करतो." शेवटची मॅच आज बंजाऱ्यांच्या तांड्यावर होती. सगळे म्हणाले, ही तर हातचीच आहे. मला मात्र रात्री झोप आली नाही. बुटांच्या नाड्या दोनदा तपासल्या.

तांड्याच्या लोकांनी पडीत वावर सारखे करून ठेवले होते. काल सायंकाळी पावसाची सर येऊन गेली होती. अर्ध्या खेळात आम्ही एक गोल खाल्ला, आणि प्रत्येकाच्या बुटाखाली शेरभर काळी माती. तांड्याचे मुखिया, म्हातारे नायक, विडी ओढत आमच्याजवळ आले. "बापू, सारं वावर पायाले लावून नेता का? आमाले पेराले थोडं ठेवा."

आमची पोरे हसली. मला हसू आले नाही. गोलमागच्या चपलांकडे पाहिले, आणि इतके दिवस ध्यानात कसे आले नाही, असे वाटले. मी बूट काढले. "शेठ पाहून राह्यले," आमचा फुलबॅक कुजबुजला. "पाहू दे," मी म्हणालो. मग एकेकाने काढले. माती वरून गार होती, आत कोमट. पाय टेकला तसे पुढचे सगळे संथ झाले. कोण कुठे धावतो आहे ते मला पायांतून कळत होते. आम्ही एक गोल फेडला. दुसरा मारायला वेळ उरला नाही.

शेठ जीपमध्ये बसता बसता एवढेच म्हणाले, "उद्यापासून गाड्या येतीन." आम्ही बूट गळ्यात अडकवत होतो तेव्हा नायक म्हणाले, "हे वावर पडीतच हाय. खेळाले येत जा. ते लोढणं तेवढं घरी ठेवून या."

उस्ताद, तुम्ही मला उभे राहायला शिकवले ते मैदान उद्या जाते. हे पत्र टाकायला पत्ता नाही. घडी करून बुटात ठेवतो, बूट आता रिकामेच आहेत.

तांड्यावरून परतताना वाटेत फुलबॅकने विचारले, "उस्तादच्या चपला कुठी हायेत रे?" मी म्हणालो, "विसरलो." विसरलो नव्हतो. तांड्याच्या वावरात, गोलच्या मागे ठेवून आलो आहे. अंगठे मैदानाकडे.