तेल प्यायलेला वरवंटा

२ नोव्हेंबर, रविवार

अकोला. विहीणबाईंकडे बारशाचं बोलणं करायला. लेकीचे, मृणालचे, दिवस भरत आलेत, तिला शेजारच्या काकूंवर सोपवून गेलो. जेवणं झाल्यावर हे आणि व्याही आडवे झाले, मी ‘जरा बाजारातून येते’ म्हणून सटकले ती थेट युसुफभाईंच्या जुन्या सामानाच्या दुकानात. हे म्हणतातच, तुझं माहेर अचलपूर नाही, भंगाराचं दुकान आहे.

एक पितळी डबा मिळाला. झाकण ठेवून हात सोडला की ते आपलं आपण सावकाश खाली बसतं, आतली हवा कडेनं निघून जाते. कुणीतरी जीव लावून केलंय. आमच्या घरातली प्लॅस्टिकची झाकणं वर्षात वाकडी होतात, माणसांसारखी. डबा घेतलाच.

आणि वरवंटा! जुन्या लोखंडाच्या ढिगाखाली होता. काळा, दोन्ही टोकांना निमुळता, इतका गुळगुळीत की हातातून खाली ठेववेना. पाटा नाही. युसुफभाई म्हणाले, “अकेलाच आला ताई, बाळापूरकडून. पाटा नाही भेटला.”

बारशाला वरवंटा लागतोच. आधी त्याला टोपरं घालून पाळण्यात ठेवायचं, खालून-वरून फिरवायचं, मग बाळ. आता घरोघरी मिक्सर. समोरच्या देशमुखांच्या नातवाच्या बारशाला लाटणं गुंडाळलं होतं, मी ओठ चावून हसू दाबलं. आमच्याकडे तसं होणार नाही.

बडनेऱ्यापर्यंत हे एकच धरून बसले. “दगड इकत घेतला? बाप्पा, दगड!”

६ नोव्हेंबर, गुरुवार

वरवंटा घासला. सोडा, चिंच, राख, सगळं झालं. एक गोष्ट कळत नाही.

वापरातला वरवंटा एका अंगानं चपटा होतो. त्याला टाकीचे घाव असतात, आणि किती धुतला तरी मिरची-धन्याचा वास जात नाही. याला यातलं काही नाही. सगळीकडून सारखाच झिजलाय. वाटून नाही, हात फिरवून. वास येतो तिळाच्या तेलाचा आणि वेखंडाचा.

उन्हात ठेवला तर तासाभरात परत तेलकट. पुसला. परत. दगडानं इतकं तेल प्यायला किती वर्षं लागत असतील?

एका टोकाला छोटा काळा ठिपका आहे. दगडातच असेल. घासून जात नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

मुलगी!! मृ. सुखरूप. जावई पुण्याहून पोचायच्या आतच आली बाई. नाक आमच्याकडचं. हे दवाखान्याच्या जिन्यात जाऊन रडले, वर येऊन म्हणाले डोळ्यात धूळ गेली. आज आणखी काही लिहीत नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

बाळ फार रडतं. पोट भरलेलं, दुपटं कोरडं, तरी रडतं. डॉक्टर म्हणतात वजन छान, सगळं छान, काही मुलं रडतात. बरं बाबा. मृ.चे डोळे खोल गेलेत.

नाव ठरलंय म्हणे. कॉलेजात असल्यापासून मनात आहे, पण बारशाआधी कुणालाही सांगायचं नाही. फक्त तिच्या नणंदेला सांगितलंय, आत्या म्हणून कानात तिलाच सांगायचंय. मला, जन्मदात्रीला, नाही!

काल काजळ घालताना बाळाच्या गालावर तीट लावली आणि हात थांबला. जाऊन वरवंटा पाहिला. तो काळा ठिपका तसाच, तेवढाच, एका बाजूला. काजळ आहे ते. वर्षानुवर्षं लावलेलं.

कुणाला बोलले नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

बारसं झालं. बारावा दिवस काल होता, पण आज सगळ्यांना सुट्टी.

वरवंट्याला टोपरं, झबलं, दुपटं. गोंडस दिसत होता, खरंच. एरवी बायका दोन-तीनदा झटपट फिरवून मोकळ्या होतात. आज ज्या बाईच्या हातात गेला तिच्याकडून लवकर सुटेचना. काकूंनी छातीशी धरला. विहीणबाई पाळण्याखाली बसल्या होत्या, त्या थोपटायला लागल्या. मी म्हटलं, “अहो, द्या की वर.” तर दचकून म्हणाल्या, “हो की.”

मग घोटाळा. बाळ अजून मृ.च्या मांडीवर दूध पीत होतं, पाळण्यात वरवंटाच. आत्याबाई उत्साही. वाकल्या, टोपऱ्याजवळ तोंड नेलं, कुर्रर्र करून नाव सांगून मोकळ्या! बायकांनी रीतीप्रमाणे पाठीत धपाधप धपाटे घातले. मृ. ओरडली, “ताई, बाळ इकडे आहे!” हसून हसून पुरेवाट. विहीणबाई म्हणाल्या, “होऊ द्या वो, दगडाले काय समजते.” मग बाळाला ठेवलं आणि पुन्हा नाव सांगितलं.

रेवा. सुंदर नाव आहे. माझी लेक आहेच रसिक.

एवढंच लिहून ठेवते की पहिल्यांदा नाव सांगितलं तेव्हा बाळ दूध प्यायचं थांबलं होतं. मी पाहिलं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

रडणं बंद. वरवंटा पायाशी ठेवला तर झोपते, काढला की रडते. मृ. खूश, “आई, तुझ्या भंगारातली ही एकच कामाची वस्तू!” दोन दिवस पोरीला झोप मिळाली. मी कशाला काही बोलू?

ह्यांनी दुपटं नीट करताना हात लावला. “अवं, हा गरम काहून आहे?”

“बाळाजवळ आहे म्हणून.”

ह्यांनी पाळण्याच्या दुसऱ्या बाजूला खुर्ची नेली.

२९ नोव्हेंबर, शनिवार

युसुफभाईंचा फोन. “ताई, ते पत्थर अजून हाय ना तुमच्याकडे? बाळापूरचे लोक येऊन बसले.”

त्यांनीच त्या घरच्या सूनबाईंना फोन दिला. वंदना नाव. वरवंटा तिच्या आजेसासूबाईंचा आहे. आजीबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनला अकोल्याला होत्या तेव्हा नातवानं घर-गोठा साफ केला, जुन्या लोखंडाबरोबर तोही गेला. आजीबाई आल्या तेव्हापासून शोधतच आहेत. जेवण सोडलंय.

त्यांचं पहिलं लेकरू बारशाच्या दिवशीच सकाळी गेलं. पाळणा बांधलेला, वरवंटा सजवलेला. त्यांनी तोच मांडीवर घेतला. पुढे आणखी मुलं झाली, मोठी झाली, पण त्या वरवंट्यानं कधी कुणाला चटणी वाटू दिली नाही. रोज तेल, रोज आंघोळ. घरच्यांनी दुसरा वरवंटा आणला.

“काकू, आमाले माहीत होतं, पण आमी लक्ष देत नोवतो,” वंदना म्हणाली. “म्हातारं माणूस आहे म्हनून सोडून देल्लं.”

विचार करून सांगते म्हटलं.

विचार कसला करायचा? पण द्यायचा नाही मला. खरं सांगायचं तर नात झोपते म्हणूनच नाही. इतक्या वर्षांत इतकी सुंदर वस्तू हाताला लागली नव्हती. आणि ती कुणी घडवलेली नाही, नुसती मायेनं झालेली आहे.

१ डिसेंबर, सोमवार

ह्यांना सांगितलं. वाटलं होतं हसतील.

“देऊन ये,” म्हणाले. “दुसऱ्याचं लेकरू घरात ठेवून राहिली तू.”

“दगड आहे तो. तुम्हीच म्हणाला होता ना, दगड.”

“मंग देऊन टाक ना. दगडच आहे.”

अख्खा दिवस अबोला. संध्याकाळी वंदनाला फोन केला, बुधवारी येतो.

३ डिसेंबर, बुधवार

बाळापूर. किल्ल्याच्या मागच्या आळीत घर. हे गाडीशीच थांबले, आत यायला तयार नाहीत.

आजीबाई बाजेवर, डोळ्यावर काळा चष्मा. एवढीशी बाई. वरवंटा मांडीवर ठेवला तर आधी बोटांनी तीट शोधली. मग हुंगला.

“राखेनं घासली का वं?”

खूप लाज वाटली. हो म्हटलं.

“बारसं केलं तुमी.” विचारलं नाही, सांगितलं.

“आमच्या नातीचं होतं, त्यात आपलं रीतीप्रमाणे...”

“चांगलं केलं, बाई. माह्याच्यानं झालं नोवतं.” आणि हात जोडले. मला. मला रडूच आलं. वंदनाही पदर लावून उभी. तिनं ताट आणलं, आजीबाई भाकरीचा तुकडा मोडून खायला लागल्या. बरं केलं आपण असं मनापासून वाटलं.

मग जेवताजेवता मांडीकडे वाकून म्हणाल्या, “रेवा, थांब. तेल लावतो तुले.”

मी नाव सांगितलं नव्हतं. युसुफभाईंनाही नाही, फोनवरही नाही. वंदनाला विचारलं, तिला तर मी आत्ता बोलेपर्यंत आमच्याकडे मुलगी आहे की मुलगा हेही माहीत नव्हतं.

निघताना आजीबाईंनी विचारलं, “तुमच्या नातीचं काय नाव ठेवलं मंग?”

कसं कोण जाणे, तोंडातून गेलं, “अजून ठेवायचं आहे.”

“ठेवा,” म्हणाल्या. “चांगलं पाहून ठेवा.”

गाडीत ह्यांना काही बोलले नाही. बोलायला हवं होतं.

४ डिसेंबर, गुरुवार

मृ.ला वाटलं होतं आज बाळ रडून घर डोक्यावर घेईल. नाही. काल दुपारपासून एकदाही रडली नाही. भुकेलाही नाही. उठवून पाजावं लागतं. पिते नीट, शी-शू नीट. डोळे उघडून छताकडे बघत पडते. डॉक्टरांना दाखवून आणलं, ते म्हणतात छान आहे बाळ, आजी उगाच घाबरतात.

मृ. वाकून हाका मारते, “रेवा, ए रेवा, आईकडे बघ.” बघत नाही. इतक्या लहान बाळाला नाव कुठं कळतं, असं मीच म्हटलं.

मला नाव घेऊन हाक मारवत नाही. दिवसभर सोनू, चिमणे, बाळा. मृ.च्या लक्षात आलं. “आई, तुला नाव आवडलं नाही का?” किती हौसेनं ठेवलंय पोरीनं. दुसरं ठेव म्हणून कसं सांगू, आणि कारण काय सांगू? म्हातारी बाई, कुठलातरी दगड? मला वेड्यात काढेल. काढू दे, पण नाही काढलं तर? खरं मानलं तर ती जगेल कशी या धास्तीनं?

५ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी नात मांडीवर, एका हातानं मेथी निवडत होते. वंदनाचा फोन आला. हात मातीचा, म्हणून स्पीकरवर टाकला.

“काकू, आजीचं जेवण-खाण चांगलं आहे आता. पन एक विचारू? तुमी त्या वरवंट्याले कसं ठेवत होत्या? आजी म्हनतात कालपासून लय रडून राहिली. दूध मागते म्हनतात. आमाले तर काही आयकू येत नाही...”

तिच्या मागून आजीबाईंचा आवाज येत होता. जवळ आल्या असाव्यात.

“रेवा. रेवा वं. इकडे पाह्य.”

मांडीवर हालचाल झाली. बाळानं मान वळवली. छताकडून सावकाश, फोनकडे. आणि भूक लागल्यावर करतात तसं तोंड उघडलं.

मृणाल न्हाणीतून केस पुसत आली. “कोण हाक मारतंय गं तिला?”

मी फोन उपडा घातला. मृ. उत्तरासाठी उभी होती, आणि हिची मान अजून तिकडेच.