सूर्य जवळ आला म्हणे

३ जानेवारी, शनिवार

अजून राग उतरला नाही. आज पन्हाळ्याहून मला बघायला पाहुणे आलते. चहा झाला आणि मुलाच्या मामांनी विषय काढला. "उन्हाळा वाढतोय, कारण पृथ्वी सूर्याजवळ सरकाय लागलीया. त्यात माणसाचा काय दोष न्हाय की!" सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्या बाबांनीसुद्धा! आणि मी, दहावीला भूगोल शिकवणारी, गप्प बसू?

म्हटलं, "मामा, वर्षातनं पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते ती याच दिवसांत. मग तुम्ही कानटोपी का घातलीय?"

मुलगा हसला. मामांनी कानटोपी काढली, परत घातली. मी थांबले नाही. हे जवळ-लांब जाणं दरवर्षीचंच, जग तापतंय ते आपण जाळतो त्या कोळशा-पेट्रोलच्या वायूंमुळं, असं स्पष्ट सांगितलं.

पाहुणे गेल्यावर आईचं सुरू झालं. "स्थळ घालवलंस. फोन करून माफी माग." कशाची? कानटोपीचं बोलायला नको होतं का? नाही, तेच तर पटण्यासारखं होतं! मागणार नाही माफी.

मग बाबा खोलीत आले. "जवळ असून थंडी का पडती, ते सांग बघू." मी संत्रं तिरकं धरून दाखवलं, की या दिवसांत आपली बाजू सूर्यापासून लांब कललेली असते. त्यांनी दोनदा विचारून घेतलं. मग स्वयंपाकघराकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाले, "फोन कुणी करायचा न्हाय. पोरगी बरोबर हाय."