शहाऐंशी नंबरचं पान

९ मार्च, रविवार दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही दोघी बऱ्या आहोत, तूही बरा असशील असं धरून चालते. माझा गुडघा अधूनमधून कुरकुरतो, पण वाचनालयाचा जिना काही चुकत नाही. एरवी तुला चार ओळींचं कार्ड टाकते. आज पानं भरणार आहेत, तेव्हा निवांत वेळ काढूनच वाच.

आधी तुझ्या लेकीबद्दल लिहिते, कारण तिच्याबद्दल लिहायला हात आपोआप चालतो.

भिंगरी आता माझ्यापेक्षा दोन बोटं उंच झाली आहे. शाळा सुटली की ती थेट वाचनालयात येते आणि मी निघेपर्यंत तिथेच असते. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे राहायला आली तेव्हा कुठल्या पुस्तकाला शिवतही नव्हती. मग एक दिवस किशोरांच्या कादंबऱ्यांच्या कपाटाशी जाऊन बसली. त्यात एक अख्खा खण दुखावलेल्या मुलांचा आहे. कुणाचं घर जळालंय, कुणाची आई दारू पिते, कुणी युद्धातून पळून आलंय. तिने तो खण चार महिन्यांत संपवला. मला धास्तीच वाटत होती. शेवटी विचारलं, अगं, हेच कशाला वाचतेस? म्हणाली, या मुलांना मला काही समजावून सांगावं लागत नाही.

पण ती काही भाबडेपणाने वाचत नव्हती हं. भांडायची त्या पुस्तकांशी. एकदा म्हणाली, सगळ्या पुस्तकांत शेवटून दुसऱ्या प्रकरणात मुलगी पोटभर रडते आणि मोकळी होते. मी तर आतापर्यंत तीनदा पोटभर रडले, चौथ्यांदाही रडून बघेन म्हणते. मी हसले, मग ती हसली. अपघातानंतर तिला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मग चिठ्ठ्या सुरू झाल्या. डाव्या हाताचं अक्षर तेव्हा अगदीच वेडंवाकडं होतं, सराव म्हणून ती कागदाच्या पट्ट्यांवर लिहायची आणि पट्ट्या पुस्तकांत सरकवून द्यायची. मला पत्ताच नाही. एक वाचक बाई पुस्तक परत करताना मला पट्टी दाखवायला आल्या. तिच्यावर लिहिलं होतं : 'पान ८६ वर अपघात आहे. सावकाश वाच. नको वाटलं तर थेट ९१ वर जा, गोष्ट तुटत नाही.' त्याच्या खाली दुसऱ्याच कुणाच्या तरी अक्षरात : 'मी ९१ वर गेले होते. आज परत येऊन ८६ वाचलं. थँक्यू.'

दादा, मी ती पट्टी हातात धरून कपाटांच्या मागे जाऊन उभी राहिले.

आमच्या ग्रंथपाल बाई शिस्तीच्या. पुस्तकांत कागद सरकवणं त्यांना मुळीच खपत नाही. त्यांनी भिंगरीला समोर बसवलं. ती घाबरेल म्हणून मी दाराशी थांबले, पण ती शांतपणे म्हणाली, पुस्तकावर आम्ही वयोगट छापतो, किंमत छापतो, मग आत काय लागेल हे आधी सांगायला काय हरकत आहे? त्या 'आम्ही'वर बाईंना हसू आलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः कोऱ्या पट्ट्यांचा गठ्ठा तिच्यासमोर ठेवला. आता तो खण सतत रिकामा असतो. मुलं पुस्तकाइतकीच पट्ट्यांसाठी येतात, उत्तरं लिहून जातात. एका कादंबरीत तिने लिहिलंय : 'यातला बाप खोटा वाटतो. खरे बाप इतकं बोलत नाहीत.' त्याखाली चार जणांनी 'बरोबर' लिहिलंय.

आणि ऐक, ती तुझ्यासारखंच बाइंडिंग करते. वाचनालयात फाटकी पुस्तकं येतात तशी. खळ शिजवते, सुट्या पानांचे फॉर्म जुळवते, टाके घालते. दोरा दातात धरते, उजव्या हाताची उरलेली दोन बोटं, अंगठा आणि करंगळी, यांच्या चिमटीत सुई. पहिल्या पुस्तकाला दहा दिवस लागले. पुठ्ठा तिरका बसला म्हणून सगळं उसवलं आणि परत बांधलं. मी म्हटलं, राहू दे गं, कोण बघतंय. त्यावर म्हणाली, बाबांनी बघितलं असतं.

आता ते लिहायला हवं, जे मी दोन पानं टाळलं.

तुझी हत्यारांची पेटी मी माझ्या कपाटात वरच्या फळीवर ठेवली होती. गेल्या रविवारी मी आंघोळीला गेले असताना तिने दाभण हवं म्हणून ती खाली काढली. पेटीच्या तळाशी तुझी पत्रं होती. अकरा पत्रं, तिच्या नावाची, मी तिला कधीच न दिलेली.

पहिलं मी उघडलं होतं. तू लिहिलं होतंस, 'कटिंग मशीनच्या पेडलवर पाय माझाच पडला. कुठल्या तोंडाने समोर येऊ? तू बोलावशील तेव्हा येईन.' तेव्हा तिच्या हातावरची पट्टीही निघाली नव्हती. मला वाटलं, हे वाचून पोर खचेल. थोडं सावरू दे, मग देईन. मग दुसरं आलं. मग ते सोपं होत गेलं. तुला कार्डावर लिहीत राहिले की ती अजून भेटायचं म्हणत नाही. तिने विचारलं की बाबा कधी येणार, तर सांगायची की बाबांना थोडा वेळ हवाय. फोन तर तू टाकूनच दिलास, त्यामुळे माझं खोटं दोन्हीकडे बिनबोभाट चाललं.

तिला जपत होते, हे अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं असं, की माझं घर पहिल्यांदा भरलं होतं. दारात दुसरी चप्पल दिसायची. तू आलास तर तिला घेऊन जाशील.

मी बाहेर आले तेव्हा ती जमिनीवर बसून, शिक्क्यांच्या तारखा बघून पत्रं लावत होती. ओरडली नाही. म्हणाली, आत्या, बस इथे. मी बसले. अकराही पत्रं तिने एकामागून एक वाचली, दोन तास. मी त्या दोन तासांत एकदाही तिच्याकडे वर मान करून पाहू शकले नाही.

मग तिने सांगितलं. गिऱ्हाइकाने दारातून हाक मारली तेव्हा तू वळून दोन पावलं गेलास. तू पेडलजवळ नव्हतासच. पात्याखाली कागदांची थप्पी सरळ करताना, तू यायच्या आत काम उरकावं म्हणून तिनेच पाय दिला. तिला वाटत होतं, तू दोन पावलांवरच होतास, तुला दिसलं असणार, आणि म्हणूनच रागावून तू निघून गेलास. दोन वर्षं ही मुलगी हे पोटात ठेवून दुसऱ्यांच्या दुखण्यासाठी चिठ्ठ्या लिहीत होती.

मी रडायला लागले, माफी मागायला लागले. तिने मला थांबवलं. तिचे शब्द जसेच्या तसे लिहिते :

"मशीनच्या पात्यापुढची जाळी बाबांनी काढून ठेवली होती. पाय माझा पडला. पत्रं तू दडवलीस. तिघांनी वाटून घेऊ. एकट्याने उचलायचं नाही कुणी."

सोळा वर्षांची आहे, दादा. तू नि मी मिळून शंभरीला आलो, आपल्याला हे सुचलं नाही.

मी तिला विचारलं, बाबांना खरंच तसं वाटतं, की तुझा दोष ते स्वतःवर घेतायत? म्हणाली, माहीत नाही, त्यांच्याच तोंडून ऐकेन. माझ्यावर ती रागावली आहेच. चार दिवस कामापुरतंच बोलली. पाचव्या दिवशी माझ्या गुडघ्याला तेल लावून दिलं, तेही न बोलता. हे तिचं माफ करणं नाही, हे मला कळतं. तरी मी पाय पुढे केला.

तू येऊ नकोस असा तिचा निरोप आहे. तू येशील, दाराशी मान खाली घालून उभा राहशील, ते तिला नकोय. येत्या शनिवारी सकाळच्या बसने तीच येते आहे, एकटी. मी सोबत येते म्हटलं, तर नको म्हणाली. परीक्षा झाल्यावर कुठे राहायचं, तुझ्याकडे की इथे, तेही तुझ्याशी बोलून तीच ठरवेल. मी मधे पडणार नाही.

एवढंच कर. ती बोलायला लागली की 'असू दे, राहू दे' म्हणून तिला गप्प करू नकोस. शेवटपर्यंत ऐक. आणि माझ्या वागण्याबद्दल विचारलं तर माझी बाजू घेऊ नकोस.

तुमच्या दोघांच्या मधे दोन वर्षं उभी राहिलेली, आजपासून बाजूला झालेली,

तुझी धाकटी