तुम्ही मला बोलतच नाही

आई, आज मी तुझ्या नातीला बोललो. घसा बसेपर्यंत बोललो, आणि मग आम्ही दोघांनी ओट्याशी उभं राहून थालीपीठं खाल्ली. तू गेल्यानंतर जन्मलेली ही पोर आता दहावीत आहे. नाक तुझं, हट्ट तुझा, भाषा मात्र पक्की झाशीची. मराठी सगळी कळते, पण बोलायला गेली की हिंदी वाक्यच मराठी कपडे घालून बाहेर येतं. तुझी सून इकडच्याच गरौठ्याची, हिंदी बोलणारी, म्हणजे घरात मराठी बोलणारा मी एकटा, तेव्हा दोष तरी कुणाला देणार?

तुला बेतवेचा दिवस आठवतो का? शाळा बुडवून आम्ही तिघं सायकलींवर ओरछ्याला पोहायला गेलो होतो. कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये मी ओल्या केसांनी शिरलो तेव्हा तू तव्यासमोर थालीपीठ थापत होतीस. मान वर न करता तू सुरू झालीस. "नदी काय तुझी मावशी लागते? कोण कोण होतं? खोल पाण्यात पहिला कोण गेला? आणि तू मागे का राहिलास, घाबरलास?" तुझ्या तोंडाचा पट्टा चालू असताना मधेच असे प्रश्न यायचे आणि उत्तर दिल्यावाचून सुटका नसायची. तिसरं थालीपीठ उतरेपर्यंत माझ्या पोटातलं सगळं तुझ्याकडे जमा झालेलं असायचं, आणि माझ्या ताटातल्या थालीपीठावर लोण्याचा गोळा इतरांपेक्षा मोठा. तेवढ्यात शेजारच्या आंटी कुंपणावरून डोकावल्या, "क्या हुआ भाभीजी?" तू म्हणालीस, "कुछ नहीं, हमारा ध्यान आया है नदी से." त्या बिचाऱ्या, तू पूजेला बसली होतीस असं समजून, हात जोडून परत गेल्या. फाटकाशी उभे असलेले माझे दोघे मित्र मात्र मराठी. ते पोट धरून हसले, आणि शाळा संपेपर्यंत माझं नाव 'ध्यान'च राहिलं. मला ते फार लागलं होतं, आई. त्याच दिवशी मी ठरवलं की आपल्या मुलांना आपण असं कधी बोलायचं नाही.

आणि मी शब्द पाळला. मागच्या वर्षी शाळेत पालकांसाठी एक कार्यक्रम होता. बाहेरगावच्या एका मॅडम आल्या होत्या, फार छान बोलल्या. मुलं मोठी होताना आपलाच तोल कसा जातो, त्या वेळी काय करायचं, हे त्यांनी आम्हाला डोळे मिटायला लावून शिकवलं. "रुकिए, साँस लीजिए, फिर बोलिए." मला ते इतकं पटलं की बिजौलीच्या कारखान्यातसुद्धा मी मशीन बिघडल्यावर आधी श्वास घेऊ लागलो. घरी तर विचारूच नकोस. दूध उतू गेलं, श्वास. मोबाइल फुटला, श्वास. चाचणीत गणितात नापास झाली, गॅलरीत जाऊन दोन श्वास, आणि परत येऊन हसून म्हणायचं, "ठीक आहे, तू विचार कर." थांबायला शिकलो, श्वास घ्यायला शिकलो. तिसरं तेवढं राहूनच गेलं.

परवा कोचिंगमधून फोन आला की मुलगी येतच नाही. मी गॅलरीत गेलो, आत आलो आणि शांतपणे म्हणालो, "तुझी जबाबदारी तुला कळते." ती डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "बाबा, तुम्ही मला बोलतच नाही." माझी छाती फुगली गं! वाटलं, लेकीने पावती दिली. जेवताना मोठ्या दिमाखात मी ते तुझ्या सुनेला सांगितलं. ती पोळी लाटता लाटता थांबली. "अरे, वो डाँट की बात थोड़ी कर रही है. कह रही है, बाबा मुझसे बात ही नहीं करते." आणि मग हळूच, "कोचिंग के टाइम यहीं ओरछा गेट मोहल्ले में सहेली के घर बैठती है. वहाँ उसकी अम्मा दोनों को साथ डाँटती हैं, साथ खिलाती हैं. मैं कहने ही वाली थी." मला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त भीती वाटली. घरी बोलणी मिळत नाहीत म्हणून पोर दुसऱ्याच्या चुलीपाशी जाऊन बसते, आणि मी इकडे श्वास मोजतोय.

म्हणून आज रविवारी मीच भाजणी भिजवली. मामीकडून आलेली, तुझ्याच प्रमाणाची. तिला ओट्याशी उभं केलं आणि सुरू झालो. "गणित काय ओरछा गेटवर तुझी वाट बघत उभं आहे? किती दिवस चाललंय हे? कोचिंगात काय झालं?" मग तीही सुटली. सर फळ्यावर बोलावतात, ती अडखळते, मागच्या बाकांवरची मुलं हसतात. "मग मला सांगितलं का नाहीस?" "कसं सांगणार? तुम्ही तर श्वास घेत होते!" तिकडून तुझी सून इतकी हसली की मलाही राग धरता येईना. तिसरं थालीपीठ उतरेपर्यंत सगळं बाहेर आलं होतं. ते कोचिंग बंद, संध्याकाळी गणित घेऊन मी बसणार, आणि शनिवारी ओरछा गेटला जायची परवानगी, कारण तिथल्या अम्मांचे माझ्यावर उपकार आहेत. मॅडमचंही काही चुकलं नव्हतं. आजही मधे एकदा मी थांबलोच, नाहीतर फार तिखट काहीतरी निघून गेलं असतं.

लोणी वाढताना तोंडून निघून गेलं, "ध्यान आहेस झालं एक!" ती फणकारली, "रखती तो हूँ ध्यान!" मग मी तिला तुझं ध्यान काय होतं ते सांगितलं, बेतवेपासून आंटींच्या नमस्कारापर्यंत.

आता दोघी दुपारच्या झोपल्यात, म्हणून हे लिहून काढतोय. कुठे पाठवायचं नाही, भाजणीच्या डब्याखाली ठेवीन. एकच सांगायचं राहिलं. सगळं ऐकून तिने विचारलं, "आजी तुम्हाला रागाने ध्यान म्हणायची का?" मी म्हटलं, "नाही गं." आई, इतकी वर्षं मला तू ते रागानेच म्हणायचीस असं वाटत होतं. पण हे उत्तर देताना मी थांबलो नाही, श्वासही घेतला नाही.