एका सडीचा तांदूळ

धुळे. ९ फेब्रुवारी १९३६, रविवार.

झुंबरबाई लीलाधर भदाणे! — तुझे संपूर्ण नाव आज मुद्दाम लिहितो; कारण बोर्डिंगच्या समितीने आपल्या पत्रात ते लिहिण्याचे टाळले आहे. "गृहपतींच्या कैलासवासी पत्नीच्या आवडीखातर सुरू झालेला मळकट तांदूळ बंद करून गिरणीचा पांढरा तांदूळ सुरू करावा." आवडीखातर! आठ वर्षे साठ मुलांचे स्वयंपाकघर तू चालविलेस. तुला जाऊन दोन महिने होतात न होतात तोच ही भाषा!

मी उत्तर धाडले — "होणार नाही." दोन शब्द. याहून आखूड पत्र मी आयुष्यात लिहिलेले नाही.

आणि उत्तरावर थांबलो नाही. गेले चार दिवस सहा बायका लावून परीक्षेपर्यंतची सारी साळ कुटून घेतली. बारा मण तांदूळ पत्र्याच्या पिंपांत भरून कोठीघरात बंद आहे. आता टाका म्हणावे बाहेर! दर रविवारी आठवड्यापुरतीच साळ कुटायची, ही तुझी व सुंदरबाईची रीत मला कधीच पटली नव्हती. अव्यवस्था म्हणून मी तुला बोलतही असे.

सुंदरबाई तुझ्या माहेरची, पिंपळनेरची. तुझ्याबरोबर आली आणि आठ वर्षे कोठीघराच्या किल्ल्या तिच्याच कमरेला होत्या. त्या मी तेराव्या दिवशी मागून घेतल्या. आज ती पिंपांकडे पाहून एवढेच म्हणाली, "अक्कानी असं कधी करं नही." अक्का म्हणजे तू. मी म्हणालो, "अक्का आता नाहीत. व्यवस्था मी पाहतो." तिने मुसळ भिंतीला टेकविले व निघून गेली.

११ फेब्रुवारी.

समितीचे उत्तर नाही. भात उत्तम झाला होता.

२० फेब्रुवारी, गुरुवार.

अध्यक्ष तोताराम नाना स्वतः आले. रुमालात मूठभर पिवळसर तांदूळ. "घ्या भदाणे, हाही मळकट. कोकणातून आणवला. तुम्हाला मळकटच हवा ना? मग हाच घ्या, स्वस्त पडतो."

रंग खरोखरच जवळचा होता! मग दाणा दाताखाली धरला — तू धरीत असेस तसा. काचेसारखा कडक, कट्‌कन तुटला. म्हणालो, "नाना, हा उकडा. साळ टरफलासकट उकडून, वाळवून मग सडलेली. याचा कोंडा गेलेला आहे. मात्र उकडताना कोंड्यातले काही सत्त्व दाण्यात उतरते. वाईट नव्हे, पण आमचा नव्हे."

"आणि तुमचा?"

"आमची साळ जात्यावर भरडतात, तेव्हा केवळ टरफल निघते. तो तांदूळ अख्खा. शिजावयास दुप्पट वेळ. मग उखळात एकदा सडला की एकसडी. थोडा कोंडा जातो, बराच राहतो. दुसऱ्यांदा सडला की दुसडी. गिरणीत सारेच जाते."

"आणि डांगी लोक खातात तो लाल?"

"त्याची कातडीच लाल. कितीही सडा, रेषा राहते. लाल म्हणजे अधिक अख्खा, असे मुळीच नाही."

नाना हसले. "पोरांचे बाप म्हणतात, घरी भाकरी खातोच, धुळ्याला भात खायला धाडले, तर तोही काळा! लग्नात वाढाल का हा?"

"वाढीन," मी म्हणालो. "माझ्या लग्नात वाढला होता."

खोटे बोललो. आपल्या लग्नात पांढराच होता, आणि तो माझ्याच हट्टाने.

१ मार्च.

ऊन वाढले. कोठीघराचा पत्रा दुपारी हात लावू देत नाही.

१५ मार्च, रविवार.

पंगतीत कोणी तरी ओरडले, "सर, हाऊ भात वास मारस!" सारी पंगत हसली. मी उभा राहून म्हणालो, "नखरे नकोत. पानात टाकलेले संपले पाहिजे." संपविले बिचाऱ्यांनी.

१६ मार्च.

एकोणीस मुलांची पोटे बिघडली. वांत्या. डॉक्टर दोनदा येऊन गेले. प्राणावर बेतण्याजोगे कोणाचेच नाही.

पिंपे उघडली. जुन्या तेलाच्या दिव्यासारखा दर्प. आचारी पंडित म्हणाला, "चार दिवस झाले, सर. तुम्हाला सांगायची छाती झाली नाही."

सुंदरबाईला बोलाविले. तिने चिमूटभर नाकाशी नेला. "कुटीसन ठेवं ते खवट व्हई जास. साळ वरीसभर राहस, तांदूळ आठ दिन. अक्काले ठावकं व्हतं."

"मग त्या दिवशी स्पष्ट का सांगितले नाहीस?"

"तुम्ही इचारं का, सर?"

कोंड्यात तेल असते. तेल उघडे पडले, उष्णतेत राहिले की खवटते — हे मी रसायनाच्या तासाला दरवर्षी फळ्यावर लिहितो! गिरणीचा तांदूळ पिंपात वर्षभर टिकतो, कारण त्यात खवटण्याजोगे काही उरलेलेच नसते. तुझा रविवार अव्यवस्था नव्हती. आठ वर्षांत तू एकदाही उलट उत्तर दिले नाहीस. फक्त रविवार सोडला नाहीस.

१७ मार्च.

बारा मणांतले उरलेले सारे गुरांच्या आंबोणात. समितीस पत्र — दोष माझा आहे, तांदळाचा नाही.

२२ मार्च, रविवार.

सभा. नाना म्हणाले, "पालकांना कारण कळवावे लागेल. एक तर तांदूळ वाईट, नाही तर गृहपती. तांदूळ म्हणा, उद्यापासून पांढरा आणू, तुम्ही सुखाने राहा. आणि तुमच्यामागे हा तांदूळ सांभाळील असे आहे तरी कोण?"

"सुंदरबाई आहे."

सभेत हशा. नानांनी आत जाऊन चार ताटल्यांत चार तऱ्हेचे तांदूळ आणले. "बघू बाईची विद्या!"

ती उंबऱ्यातच बसली. पदर सावरून एकेक दाणा चावला. "हाऊ उकडा. हाऊ लाल, दोनदा सडेल. हाऊ नुसता भरडेल शे, याले सांजलोंग शिजाडा." चौथ्या ताटलीतला सोनेरी दाणा तिने चावलाच नाही, बोटावर घासला, बोट नानांसमोर धरले. "नाना, हाऊ गिरणीना. याले हयद लायेल शे! लगीन शे का यानं?"

सभा हसून लोटपोट. हळद लावण्याची युक्ती नानांचीच होती. तेही डोळे पुसू लागले. म्हणाले, "बाई पास! तांदूळ हिच्या हाती राहील. पण भदाणे, मग पत्रात..."

"माझे नाव लिहा."

"गृहपतीपण जाईल. ही जागाही सोडावी लागेल. तुमची पत्नी गेली ते घर..."

"नाना, माझे नाव लिहा. संपूर्ण लिहा."

२३ मार्च.

सामान बांधले. तुझ्या वस्तूंत एक लहान सूप निघाले. ते न्यावे की ठेवावे, हे ठरेना. ठेवले. येथे त्याला काम आहे.

२४ मार्च, मंगळवार.

सकाळी उखळाचा आवाज ऐकला. परवा सभेमुळे राहिलेली साळ, येत्या रविवारपुरतीच. घराच्या दाराला कुलूप लावले. कोठीघराच्या किल्ल्या सुंदरबाईंना परत केल्या.