घड्याळ ठेवू की परत करू?

तारकर्ली, मंगळवार

चि. सौ. अक्षया हिस,

शंकरमामाचे भरभरून आशीर्वाद. तू, जावईबापू आणि कोल्हापूरची थंडी, तिघंही बरी असाल. आम्हीही बरेच आहोत, निदान परवापर्यंत तशी समजूत होती.

पावलं मोजणारं तुझं घड्याळ मिळालं. पंधरा दिवसांत पटलं नाही तर परत करता येतं म्हणालीस. आज तेरावा दिवस, आणि माझ्या डोक्याचा पार भुगा झालाय. पहिल्याच सकाळी ते बांधून रापण ओढायला गेलो. (ते किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून खेचायचं मोठं जाळं गो, लहानपणी त्यातला खेकडा तुला चावला होता.) दोन तास दोरीला लोंबकळलो, टाचा वाळूत रुतवल्या. घड्याळाने पावलं दिली एकशे बारा, वर फर्मान काढलं की बराच वेळ बसून आहात, उठा, जरा हातपाय हलवा! रापणीवरची माणसं अजून मला बघून "उठ रे शंकर" म्हणतात.

दुसऱ्या दिवशी खारं पाणी नको म्हणून घड्याळ तुझ्या मामीच्या मनगटाला बांधून गेलो. ती पाहुण्यांसाठी (वरच्या दोन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो) विळीवर पाच नारळ खवत बसली होती. जागची न उठता बाराशे पावलं! मग मी रोज तिच्याच हाताला बांधू लागलो. तू फोनवर माझं एवढं कौतुक केलंस ना, ती सगळी पावलं सोलकढीची.

पण परवापासून काहीच कळेनासं झालंय. मामी शांत बसलेली असली तरी घड्याळ तिचे ठोके एकशे तीस दाखवतं. माझ्या हाताला बांधलं की बहात्तर. पुन्हा तिच्या, पुन्हा एकशे तीस. पावलांत खोटं बोलणारं यंत्र ठोक्यांत खरं बोलेल का? तिला विचारलं तर म्हणते, "माका काय एक जावक नाय. तां घड्याळच खुळा आसा." (जिना चढताना हल्ली ती मध्येच थांबते, मी ते गुडघ्यांवर ढकललं होतं.) ते खुळंच निघू दे गो. मला भीती वाटतेय.

तुझा,
शंकरमामा

ता. क. फोनच केला असता, पण मामी सतत बाजूला असते. म्हणून उद्या तिकडे येणाऱ्या शेजारच्या विनीतच्या हाती पत्र देतोय. हृदयाच्या चांगल्या डॉक्टरांची गुरुवारची वेळ घे. घड्याळ ठेवायचं की नाही, ते तेच सांगतील.

आणखी एक. आजारी मी आहे, असंच मामीला कळव. स्वतःसाठी ती घाट चढायची नाही. माझेही ठोके आता शंभराच्या वर गेलेत, तेव्हा अगदीच थाप होणार नाही.