वखार माझ्या खिशात

४ एप्रिल
दादाचा सगळा कांदा आजपासून माझ्या जबाबदारीवर. काढल्याबरोबर विकून मोकळा होणार होता. मी म्हटलं, थांब जरा, आपल्याकडे सेन्सर आहे, सडायला लागला तर मोबाइलवर आधी कळेल. तो म्हणाला, वर्षाचं सगळं यातच आहे, बघ बाबा. वखारीला कुलूप लावलं. किल्ली माझ्याकडे. सारखं दार उघडलं की डेटा बिघडतो.

६ एप्रिल
सेन्सर चार्जिंगला घरी आणला. बेडरूममध्ये कपाटावर लावलाय. उद्या सकाळी पहिलं काम, परत नेऊन बसवणे.

७ एप्रिल
पाठ धरलीय. उद्या नक्की.

१९ एप्रिल
ॲप हिरवंगार. हवा कोरडी, तापमान उत्तम. अख्खी वखार माझ्या खिशात.

२ मे, दुपारी
ओलावा अचानक वाढला. धाबं दणाणलं. बायको म्हणाली, आधी खोलीतले ओले कपडे बाहेर टाकायला मदत करा. टाकले. येऊन बघतो तर ओलावा उतरलेला. सिस्टिम स्वतःला सावरते. मानलं.

१५ मे
वहिनीचा फोन. वखारीजवळून जाताना वास येतो म्हणे. स्क्रीनशॉट पाठवला.

२२ मे
दादा आला. दाराखालून काळं पाणी येतंय म्हणाला. मी समजावलं, गटार जवळच आहे. किल्ली मागितली, दिली नाही. चहा न घेताच गेला. माझ्यावर तो कधी रागावत नाही, आजही रागावला नाही. तेच जरा खुपतंय.

२६ मे
वखारीवर जाऊन आलो. भिंत माश्यांनी काळी झालीय. आत काहीतरी टपटपत होतं. हात कुलपापर्यंत गेला, मग ॲप बघितलं. हिरवं. परत आलो. जेवण गेलं नाही.

३० मे
दादाने कुलूप तोडलं. आत कांदा नाही, नुसता चिखल. वहिनी दारातच खाली बसली. दादा नाकाला रुमाल बांधून आत उतरला आणि कोपरापर्यंत हात घालून चाचपायला लागला. काय शोधतोयस विचारलं. म्हणाला, कांदा तर गेला, तुझा सेन्सर तरी सापडू दे.

तेवढ्यात खिशात मोबाइल वाजला. माल उत्तम स्थितीत. तेव्हा कपाट आठवलं.

संध्याकाळ झाली. तो अजून शोधतोय. उद्या सकाळी पहिलं काम, त्याला सांगणे.